उंदीरबंद मोटरहोम

१४ ऑक्टोबर, सकाळ

आजपासून नोंदी ठेवणार. नोंदींशिवाय काम शास्त्रीय होत नाही.

ध्येय एकच. गॅरेजशेजारी उभं असलेलं आमचं मोटरहोम (आत पलंग, ओटा असलेली घरगाडी) वीस फेब्रुवारीपर्यंत उंदीरबंद ठेवायचं. वीस तारखेला मी आणि लव्हॉन त्यातून अ‍ॅरिझोनाला निघणार. एक मार्चला तिच्या थोरल्या बहिणीचा, बेव्हर्लीचा, पंचाहत्तरावा वाढदिवस आहे.

पार्श्वभूमी लिहून ठेवतो. गेल्या एप्रिलमध्ये हिवाळ्यानंतर गाडीचं दार उघडलं, तेव्हा लव्हॉन माझ्या मागेच उभी होती. तिच्या कपड्यांच्या कप्प्यात, तिच्याच नाइटगाउनच्या चिंध्यांवर, सात पिल्लं झोपलेली. तिने वाकून पाहिलं आणि म्हणाली, हं, वेगळंच आहे. आमच्या मिनेसोटात याहून मोठी शिवी नाही. त्यानंतर तिने गाडीत पाऊल ठेवलेलं नाही.

काल जेवताना ती स्वतःहून बोलली. मी यायला तयार आहे, पण आत एक जरी लेंडी दिसली तर मी त्यात झोपणार नाही. एक म्हणजे एक, अर्लिन.

मान्य केलं. अवघड काहीच नाही. एकतीस वर्षं मी गावच्या धान्यकोठाराचा मॅनेजर होतो. उंदीर कसा विचार करतो हे मला कोणी शिकवू नये. त्या एकतीस वर्षांत सुगी, हिशेब आणि ओलावा मोजणं यांतून आम्ही दोघं सलग चार दिवसांहून जास्त कुठे गेलो नाही, हेही खरं. तिने फ्रिजवर नकाशा लावला आहे. मुक्कामाच्या गावांभोवती लाल पेन्सिलीने गोल. आठ गोल आहेत. सकाळी कॉफी ओतताना ती तिकडे बघते. मीही बघतो, पण ती नसताना.

१६ ऑक्टोबर

गाडीखाली पाठीवर सरपटत तपासणी केली. तेवीस भोकं. बावीस भोकांत तारेची घासणी कोंबून वर फोम मारला. तेविसावं मागच्या चाकाच्या वर आहे. तिथे हात पोचला, पोट पोचलं नाही. भोक करंगळीएवढं असेल. त्यातून फार तर मुंगी जाईल.

काम ९६ टक्के पूर्ण. पाठ दुखते आहे. लव्हॉनने शेकायला पिशवी दिली.

१९ ऑक्टोबर

पेपरमिंटचं तेल आणलं. उंदराला हा वास सोसत नाही. कापसाचे चाळीस बोळे भिजवून कोपऱ्याकोपऱ्यांत ठेवले. पाच बोळे खिशात राहिले ते चर्चमध्ये लक्षात आलं. आमच्या बाकावर एरवी सहा माणसं बसतात. आज आम्ही दोघंच होतो. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या एल्व्हिराबाईंनी मागे वळून पेपरमिंटची गोळी मागितली. घरी आल्यावर लव्हॉन म्हणाली, उंदराला वास सोसत नाही हे उंदराला माहीत आहे ना?

२३ ऑक्टोबर, दुपार

शेजारी ड्वेनने आज मका काढला. त्याचं शेत आमच्या अंगणाला लागून. भलंमोठं यंत्र सकाळपासून घरघरत होतं. कापणी झाली की शेतातले उंदीर बेघर होतात आणि दिसेल त्या छपराकडे पळतात, हे कोणाला माहीत नसेल तर मला आहे. म्हणून आजचा दिवस दार घट्ट बंद ठेवून गाडीत पहाऱ्याला बसलो.

साडेबाराला ड्वेन आला. दार वाजवलं. उघडलं. आत येतोस का विचारलं, तो नको म्हणाला. पुन्हा विचारलं, बूट मळलेत म्हणाला. तिसऱ्यांदा विचारायला हवं म्हणून विचारलं, तर पायरीवर एक पाय ठेवून उभा राहिला. पाऊस, डिझेल, त्याच्या मेहुण्याचा गुडघा. मग मांडीवर थाप मारून म्हणाला, बरं, चला तर मग. आमच्याकडे हा निरोपाचा पहिला टप्पा. एकूण पाच असतात. शेवटच्या टप्प्यावर तो वीस पावलं लांब जाऊन तिथून बोलत होता आणि मी दारात उभं राहून मान डोलवत होतो. दार लावणं बरं दिसलं नसतं.

सगळं मिळून पंचावन्न मिनिटं. पहारा मात्र मी सोडला नाही. दारातच होतो.

२८ ऑक्टोबर

ओट्याखाली एक काळा, लांबट दाणा सापडला. घाबरण्याचं कारण नाही. तो वाईल्ड राइसचा आहे. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात लव्हॉनने गाडीत तो तांदूळ घालून हॉटडिश भाजलं होतं, त्यातला असणार. तोच रंग, तीच लांबी. दोन टोकं निमुळती.

पुसून टाकला. तिला सांगितलं नाही. स्वयंपाकात तांदूळ सांडतो असं म्हटलं तर तिला वाईट वाटेल.

२९ ऑक्टोबर

आणखी नऊ दाणे. ती तेव्हा घाईत असणार.

४ नोव्हेंबर

आजचा दिवस महत्त्वाचा. नवा उपाय, आणि पूर्णपणे माझा.

अडचण अशी की दाराखाली, पलंगाच्या फळीमागे आणि गरम हवेच्या झरोक्यांपाशी फटी आहेत. तिथे घासणी टिकत नाही. तिथे हवं काहीतरी जड, मऊ, फटीच्या आकारात बसणारं. काल तळघरात बटाटे आणायला गेलो आणि उत्तर समोरच दिसलं.

चर्चच्या बाजारात विकायला लव्हॉन दर शरदात शेकायच्या पिशव्या शिवते. फ्लॅनेलचं कापड, आत वाळलेला मका, मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं आणि पाठीला लावायची. यंदा एकतीस पिशव्या उरल्या. कापड मजबूत, वजन भरपूर, जिथे टाकाल तिथे बसतात. एकतीसच्या एकतीस गाडीत नेऊन फटींवर रचल्या. वर पेपरमिंट शिंपडलं.

लव्हॉन दारातून पाहत होती. म्हणाली, अर्लिन, त्यात मका आहे.

मी म्हणालो, म्हणूनच तर जड आहेत.

ती म्हणाली, हं.

पटलेलं दिसलं.

१२ नोव्हेंबर

पाहणी. पिशव्या थोड्या चपट्या झाल्यात. अपेक्षितच होतं. थंडीत हवा कोरडी होते, मक्यातला ओलावा जातो, दाणा आक्रसतो. कोठारात आयुष्यभर हेच मोजलं. अंदाजे आक्रस: एक पंचमांश.

ड्वेनकडून बादलीभर मका आणला. शिवण उसवून पिशव्या पुन्हा भरल्या, हातशिलाई घातली. बोट तीनदा टोचलं.

१८ नोव्हेंबर

आज गाडीत पाच चकरा. सकाळी दोन, जेवणानंतर एक, चार वाजता एक, आणि टीव्हीवर बातम्या चालू असताना एक. बसून राहवत नाही. खुर्चीत टेकलो की वाटतं एखादी पिशवी सरकली असेल. लव्हॉन म्हणाली, तुझ्या सख्ख्या भावाला तू वर्षातून एकदा भेटतोस. मी म्हणालो, भावाला फटी नाहीत.

प्रत्येक वेळी दार उघडावं लागतं, हा एक दोष. पण पाहणी केली नाही तर बंद आहे हे कळणार कसं?

२५ नोव्हेंबर

पिशव्या पुन्हा चपट्या. हवा विलक्षण कोरडी आहे यंदा. आणखी दोन बादल्या आणल्या. ड्वेनने विचारलं, अर्लिन, तू गुपचूप डुकरं पाळलीस का? मी म्हणालो, हे तांत्रिक काम आहे. तो म्हणाला, माझीही वासरं तांत्रिकच आहेत, पण इतकं खात नाहीत.

शेतकऱ्यांना ओलाव्याचं शास्त्र कळत नाही, हे मी कोठारावर असतानाच पाहिलंय.

३ डिसेंबर

उंदरांना हाकलणारं विजेचं यंत्र बसवलं. त्यातून असा आवाज निघतो म्हणे की तो फक्त उंदरालाच ऐकू येतो. कान लावून पाहिलं. काही ऐकू आलं नाही. म्हणजे उत्तम चालू आहे.

११ डिसेंबर

खात्रीसाठी ड्वेनच्या गोठ्यातली मांजर उसनी आणली. नाव डॉरिस. एक कान अर्धा. ड्वेन म्हणाला, कामाची बाई आहे, मध्ये बोलू नकोस.

सकाळी नऊला सोडली. पहिला तासभर ती गरम हवेच्या झरोक्यासमोर बसून आत टक लावून पाहत होती. शेपटीचं टोक हलत होतं. ऊब आवडली असावी. पण हीटर बंद होता, त्यामुळे तिचा हिरमोड झाला असेल. नंतर पलंगावर चढून संध्याकाळपर्यंत झोपली.

निष्कर्ष स्पष्ट. काम असतं तर कामाची बाई झोपली नसती. परत नेऊन दिली. उचलून नेताना जड लागली. वजन वाढलंय तिचं.

२५ डिसेंबर

ख्रिसमस. जेवणानंतर बेव्हर्लीचा फोन. लव्हॉन तिला सांगत होती, हो, अर्लिन म्हणतो तर सगळं ठीक आहे. मग बराच वेळ ऐकत राहिली. मग हसली. मग म्हणाली, नाही गं, तो प्रयत्न करतोय.

मी ताटं विसळत होतो. नकाशावर आज एक नववा गोल दिसला, वाटेवरच्या एका सरोवराभोवती. आधी नव्हता. दोन चकरा जास्त मारल्या.

९ जानेवारी

शून्याखाली अठरा. चार दिवस गाडीकडे जाता आलं नाही, दार गोठलं होतं. आज केस वाळवायच्या यंत्राने दार मोकळं केलं.

पिशव्या रिकाम्या. चपट्या नव्हे, रिकाम्या. नुसतं कापड.

कोरड्या हवेनेही इतकं होत नाही. बसून विचार केला. कारण सापडलं: शिवण. लव्हॉनची शिवण सुटली आणि दाणे गळाले. घरी येऊन सौम्यपणे सांगितलं.

तिने विणकाम खाली ठेवलं. म्हणाली, अकरा वर्षांत मी चारशेवर पिशव्या शिवल्या. एकही शिवण उसवलेली नाही. आणि गळालेले दाणे कुठे आहेत, अर्लिन? जमिनीवर?

जमीन स्वच्छ होती. हे मी तिला सांगितलं, स्वच्छतेचा मुद्दा म्हणून.

ती पुन्हा विणायला लागली.

१० जानेवारी

पिशव्या उजेडात धरून पाहिल्या. शिवण शाबूत आहे. प्रत्येक पिशवीला खालच्या बाजूला एक गोल भोक. कडा कुरतडल्यासारख्या. कापडच हलक्या प्रतीचं. दुकानदाराने फसवलं.

उंदीर हाकलणाऱ्या यंत्राची वायरही तुटलेली आहे. केव्हा तुटली कळत नाही. हलक्या प्रतीचीच.

११ जानेवारी, रात्र

आज खरं लिहितो, कारण हे कोणी वाचणार नाही.

गाडीत एक उंदीर आला असण्याची शक्यता आहे.

एकच. बाहेरून, नुकताच. पिशव्यांचा विषय लव्हॉनसमोर काढणार नाही. सगळ्या पिशव्या काढून ड्वेनच्या गोठ्यामागे टाकल्या. सापळे लावले, बारा, पीनट बटर घालून. संध्याकाळी उघडून पाहिलं तर बाराही चाटूनपुसून स्वच्छ, आणि एकही उडालेला नाही. तरबेज उंदीर आहे.

३० जानेवारी

तीन आठवडे युद्ध. तपशील लिहीत नाही. सापळ्यांनी माझी तीन बोटं पकडली. बादलीचा सापळा केला, त्यात ड्वेनचा हातमोजा पडला. डांबराच्या गोळ्या टाकल्या, मग त्यांच्या वासाने मलाच बाहेर पडावं लागलं. ड्वेन म्हणाला, गाडी तळ्यावर ओढून ने, बर्फावर मासे धरायला झकास खोली होईल, उंदरांना मासेही मिळतील. निरोप घ्यायला त्याला चाळीस मिनिटं लागली. या वेळी दार मी बाहेरून लावून घेतलं होतं. शिकतो आहे.

१० फेब्रुवारी

विजय.

सलग सहा दिवस एकही लेंडी नाही. दाणाही नाही. पिशव्या गेल्या तसा उंदीरही गेला. दोन दिवस गाडी घासली. कप्पे पुसले, चादरी धुतल्या, नवे पडदे लावले. लव्हॉनसाठी नवा नाइटगाउन आणला, फ्लॅनेलचा, निळा, आणि तो तिच्या कप्प्यात घडी घालून ठेवला. दर तासाला जाऊन पाहतो आहे, तो तसाच आहे. रविवारी तिला आत बोलावणार.

१५ फेब्रुवारी, रविवार

घडलं ते क्रमाने.

अकरा वाजता, चर्चहून आल्यावर लव्हॉन कोट न काढताच म्हणाली, चल, दाखव. ती पायरी चढली. दहा महिन्यांनी. दारात थांबून वास घेतला. पेपरमिंट, म्हणाली. आत आली. ओट्याखालचं कपाट उघडून पाहिलं, पलंगाखाली वाकून पाहिलं, कप्पा ओढला. नाइटगाउन हातात घेतला, उलगडला, उजेडात धरला. एकही भोक नाही. तिने तो गालाला लावला.

मग पुढच्या सीटवर बसली. आपल्या सीटवर. पट्टा ओढून पाहिला. म्हणाली, इथून रस्ता छान दिसत असेल. मी म्हणालो, हो. म्हणाली, त्या सरोवरापाशी एक दिवस जास्त थांबता येईल का? मी म्हणालो, दोन थांबू.

आत गारठा होता. तिचे हात लाल झालेले. मी म्हणालो, थांब, हीटर लावतो.

हे मी करायला नको होतं, असं नाही. कोणीही केलं असतं.

हीटर घरघरला. मिनिटभर धुळीचा वास आला. मग भाजलेल्या मक्याचा. आधी मंद, मग सबंध गाडीभर, जत्रेतल्यासारखा, त्यात पेपरमिंट मिसळलेलं. झरोक्यांतून टपटप दाणे उडू लागले. काही काळे, काही सोनेरी. तीन बादल्या आणि एकतीस पिशव्या कुठे गेल्या होत्या ते मला तेव्हा कळलं. हवेच्या नळीत कोठार भरलं होतं. मी एकतीस वर्षांत इतकं नीट भरलेलं कोठार पाहिलं नाही.

पाठोपाठ उंदीर आले. पळत नव्हते. ऊब वाढली म्हणून बाहेर पडलेली, खाऊन पिऊन सुखी, गोल मंडळी. मी अकरा मोजले, मग मोजणं सोडलं. एक लव्हॉनच्या बुटावर थांबला. तिने पाय हलवला नाही. त्यानेही घाई केली नाही.

मी हीटर बंद केला.

ती सीटवरून उठली. मग म्हणाली, वास चांगला आहे. नाइटगाउन काखेत घेऊन खाली उतरली.

१६ फेब्रुवारी

नळ्या सोडवल्या. चार पोती मका निघाला. ड्वेन मदतीला आला होता. दाणे हातात घेऊन म्हणाला, प्रत चांगली आहे, माझीच आहे. मग माझ्याकडे बघून हसायचं थांबला आणि म्हणाला, इंजिन तरी लावून बघू.

चावी फिरवली. टक. पुन्हा, टक. बोनेट उघडलं. तारांची सगळी वरची साल गेलेली, खाली तांबं चमकत होतं. मध्यभागी पिशव्यांच्या निळ्या-पिवळ्या फ्लॅनेलचं अंथरूण, इतकं व्यवस्थित की मोडायला हात होईना. मेकॅनिकने फोनवर सांगितलं, एप्रिल. लवकरात लवकर एप्रिल.

ड्वेन म्हणाला, वाईट आहे, पण याहून वाईट असू शकलं असतं. मी विचारलं, कसं? तो खरोखर विचार करत उभा राहिला.

१७ फेब्रुवारी

नवी योजना. पिकअप ट्रकमध्ये मागे गादी टाकून जाता येईल. किंवा मी वायरी स्वतः जोडेन, पुस्तक मिळतं. किंवा तंबू. दिवसभर स्वयंपाकघर ते गॅरेज, गॅरेज ते स्वयंपाकघर. लव्हॉन म्हणाली, अर्लिन, बस. बसलो. दोन मिनिटांनी पुन्हा उभा होतो, कधी उठलो कळलं नाही.

जेवताना तिने नकाशा फ्रिजवरून काढला आणि टेबलावर पसरला. वाटलं, आता घडी घालून ठेवून देणार. तिने त्याच्यावर दोन कागद ठेवले. विमानाची तिकिटं, सव्वीस फेब्रुवारीची. माझं नाव, तिचं नाव.

कधी काढलीस, विचारलं.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधी, म्हणाली.

म्हणजे तुला वाटत होतं की मला जमणार नाही.

ती काटा खाली ठेवून म्हणाली, अर्लिन, मला तुझ्याबरोबर जायचं होतं. कशातून, ते तुझ्यावर सोडलं होतं. तुला जमलं असतं तर ही फाडून टाकली असती. रविवारी सीटवर बसले होते तेव्हा फाडणारच होते.

मी म्हणालो, विमानाचं मीच सुचवणार होतो.

हो, म्हणाली. बटाटे घे.

२६ फेब्रुवारी, विमानात

मधली सीट. कोपर कुठे ठेवायचं यावर डाव्या बाजूच्या गृहस्थांशी मूक वाटाघाटी. पट्टा लागलाय की नाही ते चार वेळा पाहिलं. हवाईसुंदरीने शेंगदाण्यांची पुडी दिली, ती न फोडता खिशात ठेवली, मग का ठेवली ते आठवेना म्हणून फोडली.

एकंदरीत हा निर्णय योग्यच. नऊ दिवसांचं काम साडेतीन तासांत. एप्रिलमध्ये गाडी दुरुस्त झाली की हिवाळ्याच्या तयारीला सहा महिने मिळतील. या वेळी पिशव्यांत वाळू.

लव्हॉन खिडकीशी आहे. मांडीवर तोच नकाशा, अर्धा उलगडलेला. खाली ढग, मधूनमधून भुरकट जमीन. मघाशी तिने काचेवर बोट ठेवून विचारलं, ते चमकतंय ते आपलं सरोवर का?

मी तिच्यावरून वाकून पाहिलं. पाणी असेल, बर्फ असेल, कोणाच्या तरी गोठ्याचं पत्र्याचं छप्पर असेल.

म्हणालो, हो, तेच.

तिने नकाशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग पेन्सिल काढून त्या नवव्या गोलात एक छोटी फुली मारली, जाऊन आलो अशी, आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. तेव्हापासून मी हललेलो नाही. पंचवीस मिनिटं झाली. हात बधिर झालाय, हे डाव्या हाताने लिहितो आहे.